पानं एकदाच बघायची

माणूस नोटा देऊन खेळाच्या चिप्स घ्यायला खिडकीशी आला की त्याची कुंडली आपोआप माझ्यापुढे मांडली जाते. ज्योतिषाला निदान जन्मवेळ तरी लागते, मला नुसते हात दिसले तरी पुरतात. नोटा घरूनच मोजून, रबर लावून आणणारा माणूस संध्याकाळी तितक्याच शांतपणे चिप्स परत करून जातो. खिशातून चुरगळलेल्या नोटा ओढत "सध्या एवढेच द्या" म्हणणारा तासाभरात पुन्हा दारात असतो. आणि तिसऱ्यांदा येणारा माझ्याकडे बघतच नाही. तो खिडकीच्या चौकटीकडे बघतो, जणू चौकटीनेच त्याचं काहीतरी खाल्लंय.

आमची खोली फर्निचरच्या दुकानाच्या वर आहे. जिन्याला कायम पॉलिशचा वास. खाली सोफे आणि खुर्च्या गिऱ्हाइकाची वाट बघत धूळ खातात आणि वर लोक एकेका खुर्चीसाठी रांग लावून उभे राहतात. डाव दुपारी जेवणं उरकल्यावर सुरू होतो आणि दिवे लागायच्या सुमारास मोडतो. आलेल्या माणसाला मी त्याच्या खुर्चीच्या नंबराचा लाकडी बिल्ला देते, जाताना तो परत घेते. बिल्ला बाहेर असला की खुर्ची त्याची, मग तो गच्चीवर जाऊन आभाळाला शिव्या देत बसला तरी. मला सगळे खिडकीताई म्हणतात. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या पाकिटावर असतं.

खेळ पोकरचा. समजायला सोपा, म्हणूनच महाग. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, झाकलेली. मधे आधी तीन, मग एकेक करून दोन, अशी पाच पानं उघडी पडतात, ती सगळ्यांची. दर वेळी चिप्स लावायच्या, नाहीतर पानं टाकून बाहेर पडायचं. आपली दोन आणि मधली पाच यांतून ज्याची पाच पानं भारी जमतील, त्याचा ढीग. पाचही पानं एका रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक, जमली तर तो फ्लश. फ्लश हातात आला की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला लहानपणापासून घरच्यांनी उगाच कमी लेखलं.

दातवाला पहिल्यांदा आला तेव्हा चुरगळलेल्या नोटांच्या जातीचा होता. तो कवळ्या बनवतो. कुठल्याशा दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे दात घडवायचा आणि इथे येऊन स्वतःचे दाखवायचा. चांगलं पान आलं की हसायचा, वाईट आलं की जास्त हसायचा. त्या वेळी त्याला स्वतःची भट्टी घ्यायची होती, दात भाजायची. भट्टी आली की दंतवैद्याची ताबेदारी सुटणार. तिचे पैसे त्याने पै-पै करून साठवले होते आणि ते दुप्पट करायला तो आमच्याकडे घेऊन आला होता. दुप्पट करायला आणलेल्या पैशांची खिडकीला एक वेगळीच माया असते. ते परत जात नाहीत.

ज्या डावात भट्टी गेली तो मी पाहिला आहे. माझ्या खिडकीतून टेबल समोरच दिसतं. दातवाल्याच्या हातात दोन राजे होते, ते मला नंतर कळलं. मधे पहिली तीन पानं पडली, तिन्ही बदाम. याने लगेच आपल्या पानांचे कोपरे उचलून पुन्हा बघितलं. बास, एवढंच केलं. पलीकडे किल्लीकाका बसले होते. त्यांनी सावकाश चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि चिप्सची भलीमोठी थप्पी पुढे सरकवली. हा चिडला. हटायला तयार नाही. रेटत रेटत होतं नव्हतं ते सगळं मधे घातलं. काकांकडे दोन बदाम होते. याने आपली पानं झाकलेलीच टाकून दिली.

माझ्या खिडकीशेजारी भिंतीला खुंट्या आहेत, टोप्या-पिशव्या अडकवायला. तिथे उभे राहून लोक जे बोलतात ते मला ऐकू येतं. ऐकायचं नसलं तरी येतं, आणि मला ऐकायचं नसतं असंही नाही. दातवाला तिथे भिंतीला कपाळ टेकून उभा होता. काका आपली टोपी घ्यायला आले.

"बाळ, राजे होते ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तूच सांगितलंस की. एवढ्या मोठ्याने सांगितलंस की खाली सोफ्याचा भाव करणाऱ्यालासुद्धा कळलं असेल." काकांनी टोपी झटकली. "दोन्ही बदाम असलेला माणूस परत बघत नाही. त्याला पाठ असतं. दोन राजे असलेला बघतो, यातला एखादा बदामचा आहे का म्हणून."

"एकदा बघितलं म्हणून एवढं?"

"मी चाळीस वर्षं किल्ल्या केल्या. गिऱ्हाइकाने किल्ली दाखवली की एकदा बघायची आणि परत द्यायची. दुसऱ्यांदा मागणारा कारागीर नव्हे, आणि गिऱ्हाईकही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. पानं एकदाच बघायची, बाळ. डोक्यात ठेवायची आणि हात बाजूला."

असा तो त्यांचा शिष्य झाला. काकांना मुलगा नव्हता, याला वडील नव्हते. दोघांनाही तसं बोलून दाखवायची सवय नव्हती, म्हणून ते पत्त्यांबद्दल बोलत. पुढे वर्षभर मी खुंट्यांपाशी त्यांची शिकवणी ऐकली. राग आला की उठायचं, रागाला आपली खुर्ची द्यायची नाही. घरून आणलेलं संपलं की खिडकीकडे नाही, जिन्याकडे वळायचं. हे म्हणताना काका माझ्याकडे बघून म्हणत, "तुमच्या पोटावर पाय देतोय, ताई, माफ करा." मी म्हणायची, "द्या, पोट मोठं आहे." आणि सगळ्यांत कडक शिकवण ही, की दुसऱ्याच्या डावावर चकार शब्द काढायचा नाही. कोणी डोळ्यांदेखत विहिरीत उडी मारत असला तरी टेबलावर असेतो गप्प. ज्याची पानं त्याचं नशीब. हा टेबलाचाच नियम आहे, पण काकांनी तो याला धर्मासारखा शिकवला.

दातवाला हळूहळू सुधारला, म्हणजे माझ्या दृष्टीने बिघडला. रबर लावून नोटा आणायला लागला. तिसऱ्यांदा तर सोडाच, दुसऱ्यांदाही खिडकीशी येईना. एकदा पंपवाल्याने त्याचा मोठा ढीग निव्वळ नशिबाने ओढला. हा पंपवाला म्हणजे पेट्रोल पंपाचा मालक, हरला तरी ढेकर देणारा माणूस. दातवाल्याचे कान लाल झालेले मला इथून दिसले. पूर्वीचा असता तर दोन मिनिटांत माझ्यासमोर असता. तो उठला, बिल्ला दिला, "येतो, ताई" म्हणाला आणि गेला. काकांनी मान वर केली नाही. पण त्या डावात ते जिंकले नसतानाही खुशीत दिसले.

भट्टी शेवटी आली. दंतवैद्याची ताबेदारी आणखी दोन वर्षं काढावी लागली, पण आली. त्या दिवशी त्याने काकांना टेबलावर आपल्या हातचा एक दात भेट दिला, पुढचा, अगदी मोत्यासारखा. काका म्हणाले, "माझे सगळे जाग्यावर आहेत रे." तो म्हणाला, "राहू द्या, पुढे लागेल." काकांनी तो दात चष्म्याच्या डबीत ठेवला.

दात जाग्यावर राहिले. दुसरंच काहीतरी निसटायला लागलं.

पहिल्यांदा ते सिस्टरच्या लक्षात आलं. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या बाई. कमी खेळतात, कमी बोलतात, आणि कोणाच्या चेहऱ्यावर काय आहे ते नाडी न धरता सांगतात. एका डावाच्या शेवटी काकांनी "दोन राण्या" म्हणत पानं उलटली, तर एक राणी आणि एक सत्ती. टेबल हसलं. काकाही हसले. "चष्मा बदलायला हवा," म्हणाले. सिस्टर हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं, आणि मग होतच राहिलं. ते आता मागच्या डावाची पानं घेऊन पुढचा डाव खेळत होते. नवी पानं येत, ते एकदा बघत, हात बाजूला ठेवत, आणि मधेच कधीतरी त्यांच्या डोक्यात जुनी पानं येऊन बसत. परत एकदा कोपरा उचलून बघितला असता तर निभावलं असतं. पण पानं एकदाच बघायची. ज्या शिस्तीने त्यांना जन्मभर तारलं होतं, ती आता त्यांचा हात धरून त्यांना बुडवत होती.

आणि टेबल फार प्रेमळ झालं. काका आले की पंपवाला स्वतः उठून त्यांची खुर्ची ओढायचा. त्यांचा चहा बिनसाखरेचा हे सगळ्यांच्या लक्षात राहायला लागलं. "काका, आज तब्येत बरी दिसतेय", "काका, तुम्ही नसलात की मजा नाही." मी इतकी वर्षं खिडकीत बसून एक गोष्ट शिकले आहे. पोकरच्या टेबलावर ज्याला सगळे अचानक मान द्यायला लागतात, त्याने आपलं पाकीट चाचपून बघावं. पंपवाला पूर्वी आठवड्यातून एकदा यायचा. आता ज्या ज्या दिवशी काका यायचे त्या त्या दिवशी यायचा.

काका माझ्या खिडकीशी दुसऱ्यांदा येऊ लागले. मग तिसऱ्यांदा. चौकटीकडे बघत.

एका सकाळी झाडलोट चालू असताना त्यांची मुलगी आली. ती शाळेची व्हॅन चालवते. पोरांना शाळेत सोडून तशीच आली होती, हातात गाडीची किल्ली. मालक कोपऱ्यात हिशेब करत होते.

"बाबांना चिप्स देऊ नका," ती म्हणाली.

मी मालकांकडे बघितलं. मालक म्हणाले, "नाही म्हणायला कारण द्यावं लागेल. ते कारण त्यांच्या तोंडावर सांगायचं कोणी? तुम्ही सांगता?"

"घरी सांगून झालं. डॉक्टरांनीही सांगितलं. बाबा त्यांना म्हणाले, माझ्या डोक्याला कुलूप लागलंय म्हणता, तर आधी कुलूप दाखवा, किल्ली मी करतो." ती हसली. ते हसू फार वेळ टिकलं नाही. "दुकानाचा गाळा विकून आलेत ते पैसे. पुढे त्यांच्याकडे बघायला चोवीस तास माणूस लागेल, त्यासाठी ठेवलेत. निम्मे गेले. मी गाडी चालवू की त्यांच्या मागे फिरू?"

मालक पुन्हा हिशेबात शिरले. ती जायला वळली तर जिन्यात दातवाला. त्या दिवशी तो लवकर का आला होता कोण जाणे. तिने त्याला ओळखलं. घरी काकांच्या तोंडी याचंच नाव असणार.

"तुमचं ऐकतील ते," ती म्हणाली.

"माझं नाही ऐकणार," तो म्हणाला. "पत्त्यांचं ऐकतील."

त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. त्याच संध्याकाळी खुंट्यांपाशी म्हणाला, "काका, कधीकधी परत एकदा बघून घेत जा ना पानं. काय बिघडतं?"

काका टोपी घालता घालता थांबले. "कोणाला सांगतोस?"

"तसं नाही."

"मग कसं? दुसऱ्याच्या डावावर बोलायला लागलास? हेच शिकवलं का मी?" त्यांचा आवाज चढला नाही, पण टोपी उलटी घातली गेली आणि तशीच घालून ते जिना उतरले. दातवाला वर उभा राहून त्या उलट्या टोपीकडे बघत राहिला. हाक मारून सांगता आलं असतं. पण आता काय सांगायचं आणि काय नाही, हे त्यालाच कळेनासं झालं होतं.

मला वाटलं, हा आता येणार नाही. डोळ्यांसमोर नको ते बघायला कशाला यायचं? पण तो आला. आणि नेहमीचा पाच नंबर सोडून चार नंबरचा बिल्ला मागितला, काकांच्या डाव्या हाताची खुर्ची. पंपवाला म्हणाला, "काय रे दातवाल्या, चिकटलास?" तो म्हणाला, "डिंक माझ्याच धंद्यातला आहे."

तिथे बसून तो काय करायचा ते कळायला मला काही दिवस लागले. काका चुकीच्या पानांवर चिप्स लावायचे, तेव्हा हा मधे पडायचा. मोठी बोली लावून बाकीच्यांना हुसकून द्यायचा आणि मग स्वतः काकांना थोडक्यात सोडून द्यायचा. स्वतःची चांगली पानं टाकून दिली, वाईट पानांवर पैसे घातले. त्याची सगळी शिस्त तो उलटी घालून फिरत होता, काकांच्या टोपीसारखी. रबर लावलेल्या नोटा संध्याकाळी रबरासकट संपायच्या. सिस्टरना कळलं होतं. एकदा खिडकीशी चिप्स परत करताना त्या हळूच म्हणाल्या, "बांध किती दिवस धरणार हा? पाणी इतकं आहे."

पंपवाल्यालाही कळलं. तो म्हणाला, "टेबलावर दोघांनी मिळून खेळायला बंदी आहे. मालकांच्या कानावर घालू का?" त्याचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. मेल्याचं नियमाबाहेर कधी काही नसतं.

त्यानंतरची गोष्ट. दुपार, उकाडा, पंख्याखाली पानं उडू नयेत म्हणून पंखा मंद. वाटणाऱ्याने एक डाव वाटला. काकांना बदामचा राजा आणि बदामचा गुलाम आला होता. डाव लगेच मोडला. कोणी काही लावलंच नाही, आणि काकांनी हिरमुसून ती देखणी जोडी उघडून सगळ्यांना दाखवली. "बघा, अशी पानं वाया जातात." पंपवाला म्हणाला, "पुढच्या डावात येतील हो, काका."

पुढचा डाव वाटला. काकांनी एकदा बघितलं आणि हात बाजूला ठेवले. दातवाल्याने एकदा बघितलं. मधे तीन पानं पडली: बदाम राणी, बदाम चौर्री, किलवर सत्ती. पंपवाल्याने पानं टाकली, सिस्टरनी टाकली. काका आणि दातवाला, दोघेच उरले. काकांच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं, फार दिवसांनी दिसलेलं, किल्ली कुलपात बरोबर बसल्यासारखं.

चौथं पान पडलं. बदाम पंजी.

मधे आता तीन बदाम झाले. बोलायची पाळी काकांची. आणि त्या वेळी दातवाल्याने आपल्या पानांचे कोपरे उचलले आणि पुन्हा बघितलं. चोरून नाही. सावकाश, दोन्ही पानं, एकेक करून, जणू लहान मुलाला दाखवतोय. मग काकांकडे बघितलं.

वाटणाऱ्याचा हात थबकला. टेबलावरच्या प्रत्येकाला ते पुन्हा बघणं म्हणजे काय ते माहीत होतं. दातवाल्याने ही चूक भट्टी गेली त्या दिवसानंतर कधी केली नव्हती. मलाही क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तो काकांसाठी दार उघडत होता. मी बघतो, तुम्हीही बघा. माझी लाज गेलीच आहे, तुमची जाणार नाही.

काकांनी ते पाहिलं. त्यांचे हात टेबलाच्या कडेवर होते, पानं त्यांच्या समोर झाकलेली, बोटभर अंतरावर. बोटं हललीसुद्धा.

काका हसले. वाईट वाटल्यासारखे हसले.

"बाळ," ते म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलं, सगळं पाण्यात?"

आणि त्यांनी चष्मा काढून सावकाश पुसला, डोळ्यांवर चढवला आणि समोरच्या सगळ्या चिप्स दोन्ही हातांनी मधे लोटल्या. मला त्यांचा हिशेब वाचता आला, कारण तो त्यांनीच शिकवलेला होता. परत बघणाऱ्याकडे फ्लश नसतो. माझ्याकडे बदामचा राजा-गुलाम आहे. लावा सगळं.

दातवाल्याने दार उघडलं होतं आणि काका त्यातून थेट खड्ड्यात चालत आले होते.

"चावतोस का गिळतोस?" पंपवाला म्हणाला.

दातवाल्याने पानं टाकली असती तर काकांनी तो ढीग ओढून घेतला असता, खूश झाले असते, उद्या पुन्हा आले असते, परवा आले असते, आणि गाळ्याचा उरलेला पैसा आज ना उद्या पंपात गेला असता. कॉल म्हणून तेवढ्याच चिप्स मधे टाकल्या तर सगळ्यांसमोर काकांची पानं उघडी पडणार. मी नोटा मोजणारी बाई, मला दोन्ही बाजूंची बेरीज येत होती आणि दोन्हीकडे तोटाच दिसत होता.

"कॉल," तो म्हणाला.

पाचवं पान पडलं, इस्पिक राजा. त्याने काही बदललं नाही.

"फ्लश," काका म्हणाले. "राजाचा." आणि पानं उलटली.

किलवर तिर्री आणि चौकट अठ्ठी.

आमच्या टेबलावर एक नियम आहे, तोंड काही म्हणो, पानं म्हणतील ते खरं. काका त्या दोन पानांकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी कुठलंच पान इतका वेळ बघितलं नव्हतं. मग त्यांनी एका बोटाने तिर्री जराशी बाजूला सरकवली, खाली दुसरं काही आहे का बघितलं.

"ही माझी?" त्यांनी विचारलं. वाटणाऱ्याला नाही, कोणालाच नाही.

सिस्टर म्हणाल्या, "हो काका. तुमचीच."

दातवाल्याने आपली पानं उलटली, बदामचा एक्का आणि नव्वी. त्याच्या वर काही नव्हतं. वाटणाऱ्याने ढीग त्याच्याकडे सरकवला. त्याने हात लावला नाही.

काका उठले. खुर्ची कोणी ओढली नाही. खिडकीशी आले, आणि मला वाटलं आता चौकटीकडे बघतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं. खिशातून तीन नंबरचा बिल्ला काढून माझ्यासमोर ठेवला, नीट, नंबर माझ्याकडे करून.

"दुसऱ्या कोणाला द्या, ताई. वाट बघणारे असतात."

"हो, काका," मी म्हणाले.

ते टोपी घ्यायला खुंटीशी गेले. दातवाला मागोमाग आला. दोघं माझ्यापासून हातभर अंतरावर उभे, एक टोपी हातात धरून, एक रिकाम्या हाताने.

"बरोबर खेळलास," काका म्हणाले. "कॉल करायलाच हवा होता."

"काका—"

"पण परत का बघितलंस? एक्का आणि नव्वी, दोन्ही बदाम. बघायची गरज काय होती?"

मी चिप्सच्या थप्प्या लावत होते, लावलेल्याच पुन्हा लावत होते. खरं सांगितलं तर म्हातारा तिथेच मोडला असता. तुमच्यासाठी बघितलं, तुम्हाला आठवत नाही म्हणून बघितलं.

"विसरलो होतो," दातवाला म्हणाला.

काकांनी टोपी घातली नाही. त्यांचा चेहरा बदलला. इतका वेळ जो माणूस पडलेला होता तो एकदम शिक्षक झाला, मग शिक्षकाहून जास्त काहीतरी.

"विसरलास?"

"पानं आठवेनात. बघितली आणि गेली डोक्यातून."

"किती दिवस होतंय असं?"

"थोडे दिवस झाले."

"आणि बसतोस खेळायला?" काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वेडा का तू? या वयात? कोणाला कळलं तर फाडून खातील तुला. हा पंपवाला तर..." ते जवळ सरकले, हळू बोलू लागले, मला कान द्यावा लागला. "ऐक माझं. डोकं साथ देत नसलं की बसायचं नाही. हे शिकवायचं राहिलं माझं. मलाच उशिरा कळलं. तू आत्ताच ऊठ. उठशील ना?"

दातवाल्याने होकार दिला.

"असं मानेने नको. बिल्ला दे त्यांना."

तो वळला. खिशातून चार नंबरचा बिल्ला काढला आणि माझ्यासमोर ठेवला, तिनाच्या शेजारी. हा माणूस याच टेबलावर घडला होता. इथेच त्याचं सगळं गेलं होतं आणि इथेच त्याने ते शिस्तीने पुन्हा मिळवलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो चौकटीकडे बघत होता.

दोघं जिना उतरले. काका पुढे होऊन त्याला म्हणत होते, "सांभाळून, पायरी आहे."

ढिगातल्या चिप्सचे पैसे दातवाला दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन गेला, सगळेच्या सगळे, आणि शाळेच्या फाटकापाशी उभ्या व्हॅनच्या खिडकीतून मुलीच्या हातात दिले. तिने विचारलं, "तुमचे किती यात?" तो म्हणाला, "मला आठवत नाही." हे मला तिनेच सांगितलं.

पंपवाला आठवडाभर येऊन वाट बघत बसला, मग दुसरं टेबल शोधायला गेला. तीन आणि चार नंबरवर आता दुसरी माणसं बसतात. बरी आहेत. चुरगळलेल्या नोटांची.

मागच्या महिन्यात माझी खालची दाढ गेली म्हणून मी त्याच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे एक खोली, भट्टी, आणि फळीवर लोकांचे प्लास्टरचे जबडे ओळीने, न बोलता सगळं ऐकत असल्यासारखे. खिडकीपाशी काका बसले होते. मुलगी व्हॅनवर जाताना त्यांना तिथे सोडते, येताना घेऊन जाते. त्यांनी मला ओळखलं नाही. एक जबडा हातात घेऊन फिरवून फिरवून बघत होते.

"हा कोणाचा?"

"पोस्टमास्तरांचा, काका," दातवाला म्हणाला.

त्यांनी तो खाली ठेवला. थोड्या वेळाने तोच उचलला. "हा कोणाचा?"

"पोस्टमास्तरांचा."

तितक्याच शांतपणे. मी तिथे होते तेवढ्या वेळात कितीदा तरी. त्याने एकदाही "आत्ताच सांगितलं ना" म्हटलं नाही. माझ्या दाढेचं माप घेऊन झालं, मी उठले, तेव्हा काकांनी त्याला हाताने जवळ बोलावलं. मी बाहेरची आहे असं पाहून ते कुजबुजत बोलले, तरी मला ऐकू आलंच.

"तू तिकडे जात नाहीस ना खेळायला?"

"नाही, काका."

"जाऊ नकोस. तुला विसरायला होतं."

"हो, काका."

"लोकांना कळू देऊ नकोस." त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. "मी आहे ना. काही आठवलं नाही तर मला विचार."